एकच नग शिल्लक

भावोजी : हाच द्या. बांधा.

दुकानदार : अहो, बांधा काय? भाजी आहे का? पाच मिनिटं बसा, दोन्ही कॅमेरे हातात धरून बघा, मग ठरवा.

भावोजी : बघून झालं. एक कॅमेरा, त्याला एकच लेन्स, आणि ती निघत नाही. काढायची भानगड नाही, लावायची भानगड नाही. मला हेच हवंय.

वहिनी : भावोजी, आधी बसा बघू. दुकानात शिरल्यापासून काउंटरच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चाललाय तुमचा फेरा. बघून बघून मान दुखायला लागली माझी.

भावोजी : मी उभा ठीक आहे.

वहिनी : उभे कुठे आहात? चालताय.

दुकानदार : वहिनी, तुम्हीच समजवा यांना. तुमचा स्टुडिओ सांभाळायला लागल्यापासून चौदा वर्षं साहेब माझ्याकडे येतायत. लेन्स बदलायच्या कॅमेऱ्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही कधी. आणि आज एकदम हा खिशात मावणारा! साहेब, यात झूम नाही. पस्तीस मिलिमीटरची लेन्स, कारखान्यातूनच पक्की बसवून आलेली. काच एक नंबर, त्यात खोट काढणार नाही मी. पण लांबचं माणूस जवळ आणायचं तर उपाय एकच. आपण उठून त्याच्याकडे जायचं.

भावोजी : जाईन.

वहिनी : पोहण्याच्या स्पर्धेत? पाण्यातून? गळ्यात कॅमेरा, डोक्याला रबरी टोपी. शोभाल हो अगदी!

भावोजी : चेष्टा नकोय, वहिनी.

वहिनी : चेष्टा नाही करत. पोट कशावर चालतं आपलं, ते सांगतेय. शाळांच्या शर्यती, पोहणं, बक्षीस समारंभ. सगळं लांबून काढायचं काम. आणि तुम्ही निघालात लेन्सलाच सोडचिठ्ठी द्यायला. लांबचं काढायची एक दोनशे मिलिमीटरची लेन्स फुटली म्हणून एवढं कुणी हाय खातं का?

दुकानदार : फुटली म्हणजे काय, वहिनी, पार खुळखुळा झालाय तिचा. पुढची काच गेली, मागची कडी वाकली. सोमवारी साहेबांनी आणून दिली तेव्हा मीच मटकन खाली बसलो. दुरुस्त होईलही, पण पहिल्यासारखी नाही. एवढी जड लेन्स हातातून निसटायची म्हणजे...

वहिनी : हातातून? बॅगेचा पट्टा तुटला ना?

दुकानदार : पट्टा?

वहिनी : मला तर पट्टा तुटला म्हणाले.

दुकानदार : मग... असेल. पट्टाच असेल. मी आपला ऐकण्यात गफलत केली असेल.

वहिनी : तुम्ही गप्प बसा हो. भावोजी, बॅग काल माझ्या मांडीवर होती. पट्टा शाबूत आहे. मी म्हटलं, शिवून घेतला असेल. काय झालं रविवारी?

भावोजी : झालं ते झालं. तुम्ही बांधताय का हा कॅमेरा?

वहिनी : बांधणार नाहीत ते. सांगा.

भावोजी : पडली.

वहिनी : कशी पडली?

भावोजी : सोडली मी. बस? मी सोडली. मुलींची शंभर मीटर सुरू होती. शेवटची फेरी. मी कडेला गुडघ्यावर बसलेलो. दोनशेची काढली, हात मागे नेला आणि सोडून दिली. नेहमी सोडतो तशी. तुमचा हात असतो तिथे. रविवारी नव्हता. तुमचा गुडघा धरला होता ना, तुम्ही घरी होतात. मला ठाऊक होतं, सकाळीच तुम्ही फोन केला होतात. डोक्याला ठाऊक होतं. हाताला कोण सांगणार?

वहिनी : अगं बाई!

भावोजी : फरशीवर आवाज झाला तेव्हासुद्धा मी मागे वळलो नाही. हात तसाच पुढच्या लेन्सची वाट बघत पसरलेला. शेजारची एक बाई मला म्हणाली, काही हवंय का हो तुम्हाला?

दुकानदार : अरेरे! साहेब, तुम्ही दोघं काम करताना मी बघितलंय. इकडे काढलेली लेन्स हातात घ्यायची, तिकडे नवी ठेवायची, एक शब्द नाही. मी घरी बायकोला सांगितलं होतं, आपल्याला मीठ मागायचं तरी तीन हाका माराव्या लागतात.

वहिनी : आणि फोटो? ती शर्यत?

भावोजी : लेन्स काढायच्या आधी दाबलेला तेवढा आला. नुसत्या पाण्याचा. भिंतीला हात लावताना पोरगी निसटली. संयोजक रोज फोन करतोय, पहिल्या नंबराचा फोटो पाठवा म्हणून. मी म्हणतोय, निवडतोय. काय निवडतोय? पाणी?

वहिनी : मला सांगायचं नाही का?

भावोजी : तुमचा गुडघा दुखतोय, त्यात तुम्हाला आणखी ताप कशाला? म्हणून ठरवलं. एकच लेन्स, तीही न निघणारी. म्हणजे कुणी मागे उभं राहायला नको. तुम्ही घरी आराम करा. किती वर्षं ते ओझं उचलणार? झालं. आता तरी बांधा.

दुकानदार : बांधलं असतं हो. पण याचा एकच नग शिल्लक आहे.

भावोजी : मला एकच हवाय.

दुकानदार : पण तो... सांगून ठेवलाय.

भावोजी : कुणी?

दुकानदार : एका गिऱ्हाइकानं.

भावोजी : पैसे दिलेत त्यानं?

दुकानदार : शब्द दिलाय. मी. म्हणजे मी त्यांना शब्द दिलाय.

भावोजी : चौदा वर्षांचं गिऱ्हाईक समोर उभं आहे, आणि तुम्ही मला शब्द सांगता? कोण आहे तो? नंबर द्या, मी बोलतो त्याच्याशी.

वहिनी : भावोजी, असू द्या. दुसरीकडे बघू.

भावोजी : का असू द्या? थांबा, आधी हा चालतो तरी कसा ते बघू. चालू कुठून होतो? हां. कार्ड आहे यात.

दुकानदार : साहेब, द्या इकडे, बॅटरी उतरलीय त्याची.

भावोजी : भरलेली आहे. फोटो आहेत की यात. नमुन्याचे काढलेत का?

दुकानदार : ते... हो. नमुनेच. असेच आपले. द्या, पुसून टाकतो.

भावोजी : थांबा ओ.

(भावोजी बटण दाबत राहतात. पहिल्यांदाच एका जागी उभे आहेत.)

दुकानदार : चहा सांगू का?

वहिनी : नको.

दुकानदार : मी घेतो.

भावोजी : कुणी काढलेत हे?

दुकानदार : आहेत एक.

भावोजी : हा बघा. आई बसल्या बसल्या झोपलीय. तोंड उघडं, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. बाळ मांडीवर टक्क जागं. दोन फुटांवरून काढलाय हा फोटो. फार तर तीन. एवढ्या जवळ कॅमेरा नेला तरी ती जागी कशी नाही झाली?

वहिनी : सवय झाली असेल तिला.

भावोजी : कशाची?

वहिनी : समोरच्या माणसाची.

भावोजी : हा आडवा घ्यायला हवा होता. नाही... नाही, उभाच बरोबर आहे. आणि हा बघा. आजीबाई बाळाची नखं कापतेय आणि जीभ स्वतःची बाहेर काढलीय. मला नसता मिळाला हा. मी पलीकडच्या भिंतीला चिकटून लांबची लेन्स लावून बसलो असतो आणि तिनं मला बघून तोंड मिटलं असतं. कोण आहे हा माणूस? या गावात एवढं काम करणारा मला माहीत नाही, असं कसं?

दुकानदार : माणूस म्हणजे तसा...

भावोजी : थांबा. इथे कपाटाच्या आरशात दिसतंय कुणीतरी. मोठा करतो. चेहरा कॅमेऱ्यामागे गेलाय. चष्म्याला दोरी आहे. निळी.

वहिनी : द्या तो कॅमेरा.

भावोजी : वहिनी, तुमच्या चष्म्याची दोरी.

वहिनी : माझीच आहे. मीच आहे ती. झालं समाधान?

दुकानदार : मी म्हटलं होतं, वहिनी, कार्ड पुसून द्या. म्हटलं होतं की नाही?

भावोजी : कधी काढले?

वहिनी : तारीख असते खाली.

भावोजी : रविवार. सकाळी दहा वाजून... वहिनी, रविवारी तुमचा गुडघा धरला होता!

वहिनी : नव्हता धरला.

भावोजी : मी संध्याकाळी शेकायची पिशवी घेऊन आलो होतो! तीन दुकानं हिंडलो त्यासाठी. तुम्ही पाय स्टुलावर ठेवून बसला होतात!

वहिनी : तुमची चाहूल लागली तेव्हा ठेवला. आणि पिशवी चांगली आहे. वापरते मी.

भावोजी : हसू नका!

वहिनी : हसत नाहीये. मला रडू येतंय, पण या दुकानात रडायची सोय नाही.

दुकानदार : मागे खोली आहे, वहिनी.

वहिनी : तुम्ही चहा प्या.

भावोजी : एका शब्दानं सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

वहिनी : सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?

भावोजी : म्हणालो असतो, बरं आहे...

वहिनी : पुढे?

भावोजी : काय पुढे?

वहिनी : हौस म्हणून बरं आहे. असं म्हणाला असतात. नाकारा.

भावोजी : म्हणालो असतो.

वहिनी : म्हणून नाही सांगितलं. शेजारच्या जिन्यातली सूनबाई, बाळ महिन्याचं. तिनं मला विचारलं, भावोजींना नाही. म्हणाली, तुम्हीच काढा, पुरुषमाणूस घरात आला की मला केस विंचरावे लागतात. मी यांच्याकडून दोन दिवसांसाठी हा कॅमेरा मागून घेतला. तासभर नुसती कपड्यांच्या घड्या घालत बसले तिच्याबरोबर. कॅमेरा मांडीवर. मग काढले. तुम्हाला काय वाटलं, मला तिथे काय वाटत होतं? पहिला फोटो काढायला धीर होईना, भावोजी. तुमच्या पाठीमागे धीर कधी लागलाच नव्हता.

भावोजी : मग आमच्याबरोबर काय वाईट चाललं होतं तुमचं?

वहिनी : वाईट कोण म्हणतंय? हे गेले, घर खायला उठायचं. तुम्ही म्हणालात, वहिनी, चार दिवस बॅग धरा, मन रमेल. रमलं. तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण चार दिवसांची चौदा वर्षं झाली. सगळं जग मी तुमच्या खांद्यावरून बघितलं. तुमची पाठ तोंडपाठ झालीय मला. शर्टाची कुठली शिवण उसवलीय ते विचारा, सांगते. पण शर्यत कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी फोटोत कळतं.

भावोजी : माझ्या लक्षात नाही आलं.

वहिनी : लक्षात कसं येणार? मी मागे होते.

भावोजी : म्हणजे ते सांगून ठेवणारं गिऱ्हाईक...

दुकानदार : तेच. आता मी काय करू, साहेब? इकडे आड, तिकडे विहीर. तुम्हाला नाही म्हणवत नाही, आणि त्यांना शब्द दिलेला. दुसरा नग यायला दोन महिने लागतील.

वहिनी : देऊन टाका त्यांना. तेच म्हणतायत ना, हाच हवा. त्यांची लेन्स फुटली ती माझ्यामुळे.

भावोजी : तुमच्यामुळे नाही.

वहिनी : मी खोटं बोलले म्हणून फुटली.

भावोजी : लेन्स फुटण्याचं काय घेऊन बसलात? लेन्स फुटते. त्यानंतरचं नाही सांगितलं मी तुम्हाला.

वहिनी : त्यानंतर काय?

भावोजी : काही नाही.

वहिनी : परत चालायला लागलात. एका जागी उभे राहा आणि बोला.

भावोजी : मुलांची शर्यत बाकी होती. मी बॅग उघडली. चार लेन्स होत्या आत, तुम्ही रचून ठेवलेल्या, आपापल्या खणात. आणि मला कळेना.

वहिनी : काय कळेना?

भावोजी : कुठली घ्यायची. उभा राहिलो नुसता. पोरं पाण्यात उड्या मारून पलीकडे पोचली, परत आली, टाळ्या झाल्या, मी आपला बॅगेत बघत. अहो, मी कधी मागितलीय का लेन्स तुमच्याकडे? चौदा वर्षांत एकदा तरी? हात मागे करायचा, जी येईल ती लावायची, डोळा लावला की फोटो समोर तयार. मला वाटायचं, मी फोटो काढतो. रविवारी कळलं, मी नुसतं बटण दाबत होतो. फोटो तुम्ही काढत होतात. म्हणून हा हवाय मला. यात निवडायचंच नसतं काही. एकच असते, तीही बसवलेली. माझं अज्ञान झाकलं जाईल. बस. हेच होतं. आता हसा.

दुकानदार : साहेब, पाणी घ्या.

वहिनी : हसत नाही, भावोजी. पण तुमचं चुकतंय. मी निवडत नव्हते.

भावोजी : मग कोण?

वहिनी : तुमचा उजवा खांदा खाली गेला की तुम्हाला जवळचा चेहरा हवा असतो. टाचा उचललेल्या दिसल्या की लांबची. अर्धं पाऊल मागे सरलात की सगळी गर्दी घ्यायचीय, मग रुंद काच. तुम्हाला आधी कळायचं, मी फक्त वाचायचे. एकदा तुम्ही शिंक आली म्हणून मागे सरलात आणि मी रुंदवाली दिली. आठवतंय? मुख्याध्यापिकेचं नाक केवढं आलं होतं!

भावोजी : ते शिंकेमुळे होतं?

वहिनी : नाहीतर काय! वर्षभर बोलत नव्हती ती आपल्याशी.

भावोजी : म्हणजे मला येतं, असं म्हणणं आहे तुमचं?

वहिनी : खांद्याला येतं. बाकीच्या तुम्हाला शिकावं लागेल.

भावोजी : मग शिकवा. तुम्ही थांबा थोडे दिवस. दोन महिने. हा दुसरा नग येईपर्यंत. हे म्हणतायत ना दोन महिने? तोवर तुम्ही बरोबर या, मला मोठ्यानं सांगा, ही लावा, ती लावा. मग तुम्ही तुमचं काम करा. मी अडवणार नाही. दादाची शपथ.

वहिनी : नको.

भावोजी : एक महिना.

वहिनी : नको, भावोजी. दोन महिन्यांनी तुम्ही म्हणाल, वार्षिक स्पर्धा होऊ द्या. मग मी म्हणेन, बरं. मी म्हणते ते मला माहीत आहे. माझा काही भरवसा नाही. मी अठ्ठेचाळीस वर्षांची झाले. आज गेले नाही तर मी जायचीच नाही.

भावोजी : आज?

वहिनी : त्या बाळाच्या मावशीनं बोलावलंय. तिचे सासरे आजारी आहेत, खिडकीशी झोपून असतात. घरातली माणसं म्हणाली, आहेत तोवर काढून ठेवा. पाच वाजता त्यांच्या खिडकीत ऊन येतं, अर्धा तास. आता किती वाजले?

दुकानदार : साडेचार व्हायला आले.

भावोजी : आणि मी इथे हा अडवून बसलोय.

वहिनी : असू द्या. मोबाइलवर काढीन.

भावोजी : वेड लागलंय का? खिडकीतलं ऊन, पलंगावरचं माणूस आणि मोबाइल? धरा. धरा म्हणतो ना! पट्टा मनगटात घाला, गळ्यात नको, वाकलात की त्यांच्या अंगावर आपटेल. त्यांच्या चेहऱ्यावरून उजेड मोजा, खिडकीवरून नको. आणि...

वहिनी : आणि?

भावोजी : आणि काही नाही. तुम्हाला कळतं. आधी घड्या घालायला कपडे आहेत का विचारा.

वहिनी : भावोजी...

भावोजी : जा आता. ऊन थांबत नाही कुणासाठी. ही बॅग राहू द्या इथेच. मी उचलतो.

वहिनी : जड आहे.

भावोजी : माहीत नव्हतं मला. आता कळेल.

वहिनी : जाते. नाही... येते.

दुकानदार : या, वहिनी. पायरी बघा. गेल्या. पळतच गेल्या की हो! गुडघा बघा कसा चालतोय.

भावोजी : हं.

दुकानदार : बसा साहेब. तुम्ही आता खरंच बसा. मनाला लावून घेऊ नका. हा घ्या चहा, गार झालाय, पण घ्या. लेन्सचं असं करू, त्या फुटलेलीच्या जागी तिच्या बहिणीसारखी दुसरी देतो. तुमच्या कामाला कुठली बरी, ते मी सांगतो. डोळे मिटून घेऊन जा.

भावोजी : नको. कपाटातल्या सगळ्या काढा, काउंटरवर मांडा. आणि कुठली घ्यायची ते मला सांगू नका.